अल्टाची स्नोबोर्डबंदी बरोबरच आहे! (चर्चा)

दोनफळ्या:

अमेरिकेत आता तीनच स्की रिसॉर्ट अशी उरली आहेत जिथे स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधायची एकच रुंद फळी, घेऊन लिफ्टवर चढता येत नाही: युटातली अल्टा आणि डिअर व्हॅली, आणि व्हर्मांटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. न्यू मेक्सिकोतल्या ताओसने २००८ साली माघार घेतली. डिसेंबर लागला की आम्हा सॉल्ट लेकवाल्या मराठी मंडळींच्या गप्पा हमखास या विषयावर येतात आणि तरुण पोरं "हा भेदभाव आहे" म्हणून तावातावाने भांडतात. माझं मत उलट आहे. बंदी योग्य आहे आणि ती राहावी.

स्कीवाला उतरताना समोर तोंड करून उतरतो, त्याला डावं-उजवं सारखंच दिसतं. बोर्डवाला आडवा उभा. अर्धा डोंगर त्याच्या पाठीमागे. टाचेच्या कडेवर वळण घेताना तर तो नेमका पाठीकडेच वळतो, म्हणजे जिकडे दिसत नाही तिकडे. बरं, लिफ्टवरून उतरला की आधी बूड टेकून बसणार आणि पट्टे आवळणार, तेही रस्त्याच्या तोंडाशी. वर आडवा घसरत उतारावरचा बर्फही खरवडून नेतो.

दुसरा मुद्दा अल्टाच्या जमिनीचा. तिथला उत्तम उतार लिफ्टच्या टोकाला वाढून ठेवलेला नसतो. हाय ट्रॅव्हर्स नावाची एक अरुंद आडवी वाट डोंगराच्या अंगाने जाते, तिने बरंच अंतर कापावं लागतं, मध्ये चढही लागतो. स्कीवाला पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, मारत, पाय टाकत निघून जातो. बोर्डवाला तिथे अडकला की एक पाय सोडवून ढकलत बसणार आणि मागे वीस जणांची रांग.

आणि हौस आहे तर शेजारी स्नोबर्ड नावाचं रिसॉर्ट आहेच की. तीच लिटल कॉटनवूड कॅन्यन, तोच बर्फ. तिथे बोर्डला मुक्तद्वार. अडलंय कुठे?

एकफळी:

दोनफळ्या काका, नमस्कार. पाठ दिसत नाही, हे मान्य. पण डोंगरावरचा पहिला नियम काय? खालच्याला वाट देण्याची जबाबदारी वरच्याची. माझ्या मागून येणाऱ्याने मला चुकवायचं आहे, मी पाठीला डोळे लावायचे नाहीत. हा नियम सगळ्यांनी पाळला तर कोण आडवं आणि कोण सरळ, याने फार फरक पडत नाही. आणि नाहीच पाळला, तर स्कीचे टोक जुळवून पिझ्झा करत, ब्रेक न लागता सरळ खाली सुटलेला नवशिका तुमच्याच पंथाचा असतो. त्याला पुढचं सगळं दिसत असतं हो, थांबता येत नसतं एवढंच.

रस्त्यात बसण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. कडेला जाऊन बसावं. आता उभ्या उभ्या बूट दाबून अडकवायची बाइंडिंग मिळतात, त्यामुळे हे हळूहळू कमी होईल.

बर्फ खरवडतो म्हणता? मग ते मोगल, म्हणजे उतारावरची टेंगळं, कोण तयार करतं? शेकडो स्कीवाले एकाच जागी वळून वळून. त्याला तुम्ही कला म्हणता.

जुनाबर्फ:

थोडा इतिहास, कारण दोन्ही बाजू आजचंच बोलताहेत.

१९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणं बनवलं. त्याला पुढे स्नर्फर नाव पडलं आणि ते दुकानांत विकलं जाऊ लागलं. त्यावरूनच प्रेरणा घेऊन १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्मांटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. पण चालवायचे कुठे? रिसॉर्ट दारात उभं करत नव्हती. १९८३ मध्ये व्हर्मांटच्याच स्ट्रॅटनने दार उघडलं आणि मग एकेक करत बाकीच्यांनी. तेव्हा बंदीच्या बाजूने दिली जाणारी कारणं दोनफळ्यांच्या यादीशी तंतोतंत जुळतात. ती खरी असती तर जगभरची शेकडो रिसॉर्ट एव्हाना बंद पडायला हवी होती.

तेव्हाचा खरा आक्षेप मला वेगळाच वाटतो. ढगळ पँट, मोठ्याने गाणी, स्केटबोर्डवरून आलेली पोरं. पैसेवाल्या, शिस्तीच्या मंडळींना ते डोळ्यासमोर नको होते. १९९८ ला नागानोत स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि पहिलंच सुवर्ण जिंकणाऱ्या कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीच्या तपासणीत गांजा सापडला. पदक काढून घेतलं, मग परत दिलं. नावं ठेवणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत.

आणि एक. तुम्ही आज ज्या कमरेत बारीक, टोकाशी रुंद स्कीवर सहज वळता ना, तो आकार नव्वदच्या दशकात रुळला. त्याआधीच्या स्की लांबलचक आणि सरळ. बोर्ड कडेवर कसा सहज वळतो हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं, त्याचा स्कीवाल्यांवर परिणाम झालाच. खोल पावडरमधल्या, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फातल्या, रुंद स्की, दोन्ही टोकं वर वळलेल्या स्की, हेही तिकडूनच. कर्ज घेतलंय, निदान सावकाराला घरात तरी येऊ द्या.

कायद्याचं_बोला:

"भेदभाव" हा शब्द वर आला म्हणून. २०१४ च्या जानेवारीत वॉसॅच इक्वॅलिटी नावाच्या गटाने आणि काही स्नोबोर्डरनी अल्टावर आणि अमेरिकी वनखात्यावर खटला भरला. मुद्दा चांगला होता: अल्टाचा मोठा भाग राष्ट्रीय वनाच्या, म्हणजे सार्वजनिक जमिनीवर आहे, तो परवान्यावर वापरला जातो, मग तिथे एका गटाला मज्जाव कसा? राज्यघटनेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वाचा आधार घेतला होता. खालच्या कोर्टाने त्याच वर्षी खटला काढून टाकला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये अपील कोर्टानेही तेच सांगितलं: बंदी हा खासगी कंपनीचा निर्णय आहे, सरकारी कृती नाही, त्यामुळे घटनेचं ते कलम इथे लागूच होत नाही.

डिअर व्हॅलीचा प्रश्न आणखी सोपा, तिथली बरीचशी जमीन खासगी. मॅड रिव्हर ग्लेन तर १९९५ पासून स्कीवाल्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. सभासदांना नको, विषय संपला. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायट्या पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

एकफळी:

कोर्टाने "हा आमचा विषय नाही" म्हटलं. "बंदी शहाणपणाची आहे" असं म्हटलेलं नाही. दोनफळ्या काकांचा धागा दुसऱ्याबद्दल आहे.

हाडवैद्य:

अस्थिरोगतज्ज्ञ, सध्या कोलोरॅडोत. इथल्या हिवाळ्यात दोन्ही जमातींवर आमचं दुकान चालतं, त्यामुळे मी तटस्थ.

बोर्डवाला पडतो तेव्हा हात पुढे टाकतो. मनगट, खांदा, कधी गळपट्टीचं हाड. नवशिक्यांत मनगट सगळ्यात जास्त, कारण उलटी कड बर्फात रुतली की माणूस सावध व्हायच्या आत आपटतो. मनगटाचे गार्ड घातल्याने फ्रॅक्चर कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे, तरी लोक घालत नाहीत. हेल्मेट मात्र दोघांनीही घालावं, डोकं आपटण्यात कुणी मागे नाही.

स्कीवाल्याचा गुडघा जातो. दोन पाय दोन लांब दांड्यांना बांधलेले. एक दांडी एकीकडे गेली की पीळ गुडघ्यात. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची फ्रॅक्चर पूर्वीपेक्षा खूप कमी झाली, पण गुडघ्याच्या आतला एसीएल लिगामेंट, म्हणजे सांधा धरून ठेवणारा बंध, त्याने फारसा वाचत नाही. पडताना पोल हातात राहिला तर अंगठाही दुखावतो, त्या दुखापतीला आम्ही स्कीअर्स थंबच म्हणतो. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, त्यामुळे गुडघ्याला पीळ कमी बसतो.

चाळिशीत सुरुवात करणारे विचारतात, काय शिकू? मनगट सहसा सहा आठवड्यांत जुळतं. एसीएलची शस्त्रक्रिया झाली तर खेळात परतायला नऊ-दहा महिने धरा. मात्र बोर्डवर पहिले दोन दिवस इतकं पडायला होतं की बरेच जण तिसऱ्या दिवशी येतच नाहीत. स्कीवर दुसऱ्या दिवशी माणूस हिरव्या खुणेच्या, म्हणजे सोप्या, उतारावरून हसत खाली येतो.

गुलमर्ग_रिटर्न:

पुण्याहून. इथे अल्टा-डिअर व्हॅली चाललंय, पण आमच्यासारख्यांचं विद्यापीठ म्हणजे गुलमर्ग. तिथे कुणी कुणाला अडवत नाही. गोंडोला, म्हणजे रोपवे, थेट अफरवत शिखराच्या खांद्यावर, जवळपास ३,९०० मीटरवर नेऊन सोडतो, आणि तिथून पुढे ज्याचा बर्फ त्याचं नशीब. परदेशी बोर्डवाले तर त्या खोल पावडरसाठीच येतात. रुंद फळी बर्फावर तरंगते, अरुंद भाड्याच्या स्की घेऊन गेलेला तिथे कमरेपर्यंत रुततो.

पण शिकायचं म्हणाल तर मी स्कीच्या बाजूने. आपल्याकडे स्की शिकवणारे जास्त, संस्थांचे कोर्सही प्रामुख्याने स्कीचे. लहान उतारावर ओढत नेणाऱ्या लिफ्ट असतात, त्यावर बोर्डवाल्याची जी कसरत चालते ती बघवत नाही. एक पाय मोकळा, दुसरा बांधलेला आणि मध्ये दांडी. गुलमर्गच्याच मातीतला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला. तोही स्कीवर.

दुबईकर:

आमच्याकडे मॉलमध्येच बर्फ आहे. २००५ पासून. सर्वांत लांब उतार ४०० मीटर, दोन्ही पंथ एकत्र गुण्यागोविंदाने आदळतात. बाहेर ४२ डिग्री. ट्रॅव्हर्स वगैरे श्रीमंतांचे प्रॉब्लेम. चालू द्या.

दोनफळ्या:

जुनाबर्फ यांचा इतिहास उत्तम, पण पोरांचे कपडे माझ्या यादीत नव्हते. हाय ट्रॅव्हर्सबद्दल कुणीच बोललं नाही, याची नोंद घेतो. शेकडो रिसॉर्ट चालली म्हणून प्रत्येक डोंगर सारखा होत नाही. आणि समजा सगळी कारणं फोल ठरली, तरी तीन ठिकाणं फक्त स्कीवाल्यांची असली तर बिघडलं काय? सगळीकडे सगळं असायलाच हवं का?

हाडवैद्य, गुडघ्याचं वाचून पोटात गोळा आला. धन्यवाद म्हणू की नको?

एकफळी:

ट्रॅव्हर्सवर बोलते. स्नोबर्डवरही लांब आडव्या वाटा आहेत. तिथे अनुभवी बोर्डवाला वेग न मोडता जातो आणि नवखा एकदा अडकला की पुन्हा त्या वाटेला जात नाही. अवघड जागा आपली गिऱ्हाइकं आपणच निवडते, त्यासाठी पाटी लावावी लागत नाही.

आणि २०१८ चं प्योंगचांग आठवा. चेकियाच्या एस्टर लेडेत्स्काने स्कीवर सुपर-जी शर्यत एका शतांश सेकंदाने जिंकली, तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आठवड्याभरात स्नोबोर्डवर पॅरलल जायंट स्लॅलमचंही सुवर्ण घेतलं. दोन्ही फळ्यांवर सुवर्ण जिंकणाऱ्या जगातल्या या एकमेव बाईला अल्टावाले सांगणार, की बाई, आज कुठली फळी आणली आहेस ते बघून ठरवू.

"बिघडलं काय" म्हणता म्हणून सांगते. आमच्या घरात नवरा आणि धाकटा स्कीवर, मी आणि मुलगी बोर्डवर. अल्टा आणि स्नोबर्डचं जोडतिकीट मिळतं, डोंगरावरूनच एकीकडून दुसरीकडे जाता येतं, पण फक्त स्कीवाल्यांना. ते दोघं वरून पलीकडे निघून जातात आणि जेवायला एकत्र बसायचं तर त्यांनाच परत यावं लागतं. धाकटा येतो. नवरा फोन उचलत नाही.

दोनफळ्या:

नवऱ्याचा आयडी आहे का इथे? त्यांचंही मत ऐकायला आवडेल.