फ्लीटवूड मॅकचा 'टस्क': धाडस की नुसता माज?

ढोलबडव्या:
काल फ्लीटवूड मॅक या रॉक बँडच्या 'टस्क' अल्बमच्या दोन्ही तबकड्या, चारही बाजू सलग ऐकल्या आणि डोकं उठलं. त्यांचा १९७७ चा अल्बम 'रूमर्स' धो धो खपलेला, लोक पुढच्यासाठी टपून बसलेले, आणि १९७९ मध्ये यांनी हातात ठेवलं काय तर २० गाण्यांचा डबल अल्बम, ज्यात गिटारवाला लिंडसे बकिंगहॅम टिश्यूच्या खोक्यांवर ठोकतोय. खर्च म्हणे दहा लाख डॉलरच्या वर! एका माणसाचा हट्ट आणि निस्तरलं बाकी चौघांनी, दुसरं काय.

मंद्रसप्तक:
खोकं बडवायला पैसे लागतात होय? लिंडसेने तर बरंचसं काम घरी केलं, कधी चक्क बाथरूममध्ये. पैसा गेला तो लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर या रेकॉर्डिंग स्टुडिओत, तिथला स्टुडिओ डी खास यांच्यासाठी नव्याने उभारला आणि मग महिनोन्‌महिने मुक्काम. म्हणजे तुम्हाला जी गाणी ओबडधोबड वाटतात तीच स्वस्तात पडली असणार, गुळगुळीत गाण्यांचं बिल मोठं.

उगाचच:
+१. तेव्हा पंक म्हणजे ते खरखरीत, बंडखोर रॉक आलेलं, लिंडसे टॉकिंग हेड्स, क्लॅश वगैरे नवे बँड ऐकत होता, त्याला 'रूमर्स' भाग दोन काढायचाच नव्हता. आणि टायटल साँगसाठी यूएससी विद्यापीठाचा मार्चिंग बँड रिकाम्या डॉजर स्टेडियममध्ये नेऊन वाजवायला लावलाय राव! बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही नेमका ताहितीला, म्हणून व्हिडिओत त्याचा पुठ्ठ्याचा कटआउट मिरवलाय. (दर वेळी हसू येतं.)

ढोलबडव्या:
गंमत ठीक आहे हो, पण अल्बम पडला तो पडलाच ना.

मंद्रसप्तक:
ब्रिटनमध्ये १ नंबर, अमेरिकेत ४, यातलं 'सारा' हे गाणं तिथे ७ पर्यंत चढलं. याला पडणं म्हणतात? 'रूमर्स'शेजारी उभं केलं तर कोणीही बुटकंच दिसणार. त्यात डबल अल्बमची किंमत १५.९८ डॉलर. ड्रमर मिक फ्लीटवूडने रेडिओवरही खापर फोडलं, अख्खा अल्बम वाजवला आणि लोकांनी घरबसल्या टेप करून घेतला म्हणे. ही मलापण थोडी सारवासारवच वाटते.

ढोलबडव्या:
मग १९८२ च्या पुढच्या अल्बममध्ये, 'मिराज'मध्ये सगळे परत गोड गोड कसे झाले? एवढा विश्वास होता तर टिकायचं होतं की.

उगाचच:
खप कमी दिसल्यावर बाकीच्यांनी हात वर केले, प्रयोग बास. लिंडसेनेच नंतर बोलून दाखवलंय हे. त्यात गाण्यांचा काय दोष? दुसरी बाजू रात्री हेडफोन लावून ऐक एकदा, बँडची गायिका स्टीव्ही निक्सचं 'स्टॉर्म्स' इतकं थकलेलं, शांत, आणि दोनच गाण्यांनंतर लिंडसेचं ते चिडकं 'नॉट दॅट फनी'. वेगवेगळी ऐकून नाही कळत, एका बाजूवर आहेत म्हणूनच दोन्ही लागतात.

ढोलबडव्या:
'स्टॉर्म्स'ला मी कुठे नावं ठेवली? दुसरं मात्र स्किपच करणार.