मोठ्या देणग्यांची विभागीय टीम: आपले देणगीदार ठेवायचे की वाटायचे?

वाटचाल

नमस्कार मंडळी,

विद्यापीठासाठी मोठ्या देणग्या मिळवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. आतापर्यंत आपण बरे नि आपला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या देणगीदारांची यादी, बरी असं चाललं होतं. आता एका विभागाची प्रमुख झालेय. हाताखाली पाच जण, पाचही वेगवेगळ्या शहरांत, आणि मुख्य कार्यालय तर विमानानेच गाठायचं. सगळी टीम एकत्र दिसते ती फक्त स्क्रीनवर.

माझ्याकडे आधीपासूनचे ऐंशीएक देणगीदार आहेत. काही जण माझ्याशिवाय कुणाचा फोन घेत नाहीत. वरिष्ठ म्हणतात, "ठेव तुझ्याकडेच, आकडा बुडायला नको." टीममध्ये कुजबुज अशी की बाई मलई स्वतःकडे ठेवणार.

त्यात भर म्हणजे दर महिन्याचं, माणशी रकमेचं टार्गेट आलंय. मोठी देणगी पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत यायला दीड-दोन वर्षं सहज घेते, त्यात महिन्याचा आकडा काय कपाळ दाखवणार? गेल्या वर्षी विभागाची निम्म्याहून जास्त रक्कम एकाच कुटुंबाकडून आली. ती ज्याच्या नावावर लागली त्याला ते कुटुंब आधीच्या सहकाऱ्याकडून आयतं मिळालं होतं. उलट एक मुलगी सतत नवी माणसं शोधून भेटते आहे, तिच्या नावापुढे जवळपास शून्य.

आणखी एक जण बोलण्यात पटाईत. देणगीदार त्याच्यावर खूश. पण भेटीचा रिपोर्ट उघडावा तर, "भेट छान झाली. विद्यापीठाबद्दल खूप आपुलकी आहे. संपर्कात राहू." दर वेळी हेच, फक्त नाव बदलतं. त्याला न दुखावता कसं सांगायचं?

---

निवृत्त_देणगीमास्तर

ताई, अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या.

देणगीदार वाटा, पण सरसकट नाही. पूर्णवेळ अधिकाऱ्याकडे शंभर ते दीडशे नावं असणं हे या कामात सर्वसाधारण मानलं जातं. टीम चालवणाऱ्याला माझ्या मते वीस-पंचवीसच्या वर झेपत नाहीत. ज्यांच्याशी बोलणं मागणीपर्यंत आलंय ते ठेवा, आणि ज्यांच्याकडे कुलगुरूंना घेऊनच जावं लागतं ते. बाकीचे द्या. देताना त्यात दोन-तीन नावं तरी अशी असू द्या की सोडताना तुमच्या जिवावर येईल. नुसता गाळ वाटलात तर टीमला ते पहिल्याच बैठकीत कळेल.

आणि सोपवणं ईमेलवर उरकू नका. सोबत घेऊन जा. पहिल्या भेटीत बोलणं तुमचं, दुसरीत त्याचं, तुम्ही नुसत्या बसा. तिसरीला जाऊच नका. नंतर देणगीदाराचा फोन तुम्हालाच येणार, ते धरून चाला. उचला, विचारपूस करा आणि "ते काम तो बघतोय, आजच कळवेल" एवढ्यावर थांबा. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. चार वाक्यांत आपणच काम उरकून टाकतो आणि नवा माणूस कायमचा निरोप्या होऊन बसतो.

टार्गेटबद्दल वर भांडा, पण पर्याय घेऊन भांडा. रकमेचं टार्गेट विभागाला, तेही वर्षाचं. माणसाला कामाचं: समोरासमोरच्या भेटी किती, त्यात पहिल्यांदाच भेटलेले किती, नेमकी रक्कम सांगून मागणी किती ठिकाणी केली. तुमच्या त्या मुलीचं काम अशाच तक्त्यात दिसेल. वरच्यांना गोष्ट सांगायची तर ब्लूमबर्गची सांगा. अमेरिकन उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर दिले. ते तिथून १९६४ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी जी देणगी दिली ती होती ५ डॉलरची. तेव्हा ती पावती फाडणाऱ्याच्या महिन्याच्या आकड्यात काय दिसलं असेल?

महिन्याचं टार्गेट गेलं की कुणीतरी हुशार माणूस "मग टक्केवारी द्या" म्हणेल. त्याला असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सची, म्हणजे देणग्या मिळवणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनेची, आचारसंहिता दाखवा. जमवलेल्या रकमेवर टक्के घेणं त्यात साफ नामंजूर आहे, आणि ते योग्यच आहे. टक्केवारीवर जगणारा माणूस देणगीदाराला "अजून सहा महिने थांबा, मुलांशी बोला" असं कधी सांगेल का?

आता तुमचे बोलघेवडे महाशय. त्यांना रिपोर्ट "सविस्तर" लिहा म्हणू नका, तेच तीन परिच्छेद करून देतील. भेटीनंतर तासाभरात फोन करा आणि विचारा: पैशाचा निर्णय घरात कोण घेतं? स्वतःहून त्यांनी कशाचा विषय काढला? पुढचं पाऊल काय, कोणत्या तारखेला? मग म्हणा, आत्ता बोललात तेवढंच लिहा. ते साधारण असं उतरेल: "आईच्या नावाने काहीतरी करायचं मनात आहे, इमारतीत रस नाही. मुलीचा शब्द शेवटचा, ती अजून भेटलेली नाही. धंद्यातला हिस्सा विकायचं चाललंय, तोवर रकमेचं बोलणं नको. पुढचं पाऊल: १५ तारखेच्या आत मुलीसह भेट, शिष्यवृत्ती घेतलेली एक विद्यार्थिनी सोबत." उद्या ते महाशय नोकरी सोडून गेले तरी दुसऱ्याला इथून पुढे जाता येतं. या कामात माणसं टिकत नाहीत, तुम्हाला सांगायला नको.

एक मात्र त्यांच्यासोबत जाऊन बघा. बोलकी माणसं रक्कम सांगतात आणि समोरचा विचारात पडला की घाबरून स्वतःच खाली येतात. "पाच वर्षांत विभागून दिली तरी चालेल", "हा फक्त एक विचार होता", "निम्म्यानेही सुरुवात करता येईल". समोरचा बिचारा मनात हिशेब जुळवत असतो आणि आपला माणूस त्याच्या वतीने नाही म्हणून मोकळा. रक्कम बोलायची आणि गप्प बसायचं. याची तालीम घ्या, खरंच घ्या. तुम्ही देणगीदार व्हा आणि मुद्दाम अर्धा मिनिट बोलू नका.

---

फाइल_नंबर_चार

मास्तरांना अनुमोदन. मी टीममधल्या माणसाच्या बाजूने लिहितोय. आमच्या बाई भेटीला सोबत येतात ते आम्हाला शिकवायला, असं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात पाचव्या मिनिटाला त्या बोलायला लागतात आणि आम्ही फाइल धरून बसतो. देणगीदारही मग त्यांच्याकडेच बघून बोलतो. भेटीआधी गाडीतच ठरवून घ्या, कोण काय बोलणार आणि रक्कम कोण सांगणार.

स्क्रीनवरच्या साप्ताहिक बैठकीत प्रत्येकाने आपली यादी वाचून दाखवायची पद्धत असेल तर ती आधी बंद करा. त्या वेळात दोनच अडलेली नावं घ्या आणि सगळ्यांनी मिळून डोकं लावा. लांबलांब राहणाऱ्यांना एवढ्यानेच टीम आहे असं वाटतं.

---

नोंदवही

मी देणगीदारांच्या नोंदी आणि करार सांभाळते, म्हणजे तुम्ही सगळे ज्यांच्या ईमेलला उत्तर देत नाही तो विभाग.

रिपोर्ट लिहिताना उद्या देणगीदार स्वतः तो वाचेल असं समजून लिहा. आजार, घटस्फोट, भावाभावांतलं भांडण, कामाशी थेट संबंध नसेल तर नको.

श्रेयाची भांडणं तुमच्याकडे येणारच. देणगीदार एका विभागात राहतो, धंदा दुसऱ्या विभागात. आम्ही कामाचं श्रेय दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना पूर्ण देतो, रक्कम हिशेबात एकदाच धरतो. हे वर्षाच्या सुरुवातीला लेखी करून ठेवा. चेक आल्यावर कुणी उदार राहत नाही.

आणि बोलक्या सहकाऱ्याबद्दल मला रिपोर्टपेक्षा तोंडी कबुल्यांची काळजी वाटते. अमेरिकेतल्या रॉबर्टसन कुटुंबाने १९६१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाला ३.५ कोटी डॉलरचे शेअर दिले, सरकारी सेवेत जाणारे पदव्युत्तर विद्यार्थी घडवण्यासाठी. उद्देश लेखी होता. तरी पैसा दुसरीकडे वापरला म्हणून वारसांनी २००२ मध्ये दावा लावला. २००८ मध्ये तडजोड झाली तेव्हा विद्यापीठाने कुटुंबाच्या बाजूचा कोर्टखर्च म्हणून ४ कोटी आणि नव्या फाउंडेशनसाठी ५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. कागद असून ही गत, मग "नेमणुकीत तुमचं मत घेऊ हो" असं कॉफी पिताना म्हटलेल्याचं काय होईल? येल विद्यापीठाने ली बास या आपल्या माजी विद्यार्थ्याचे २ कोटी डॉलर १९९५ मध्ये परत केले, त्यातही शिक्षक निवडताना देणगीदाराचा शब्द किती, हाच वाद होता.

अक्षय निधीचं, म्हणजे मूळ रक्कम गुंतवून ठेवून तिच्या उत्पन्नावर चालणाऱ्या देणगीचं, गणितही टीमला तोंडपाठ हवं. निधीतून वर्षाला साधारण चार-पाच टक्केच खर्चायला मिळतात. १० लाख डॉलर दिले तर वर्षाला ४० ते ५० हजार. हे सहीनंतर कळलं की देणगीदाराला फसवल्यासारखं वाटतं.

---

वाटचाल

सगळ्यांचे आभार. पंचवीस नावं वेगळी काढायला बसले आणि चाळिसावर अडकलेय! वरिष्ठांना भेटी आणि मागण्यांचा तक्ता पाठवला आहे. "बघू" म्हणालेत.

एक राहिलं. आमचे एक डीन देणगीदारांना परस्पर फोन करतात. परवा एका बाईंकडे आम्ही शिष्यवृत्तीसाठी वर्षभर मेहनत घेत होतो, यांनी जाऊन प्रयोगशाळेच्या यंत्रासाठी पैसे मागितले, तेही अगदी किरकोळ. बाईंनी लगेच दिले.

---

निवृत्त_देणगीमास्तर

लगेच दिले म्हणजे स्वस्तात सुटल्या.

डीनना "करू नका" म्हटलंत तर ते लपून करतील. त्यांना तुमच्या यादीतली पाच नावं द्या, जिथे खरोखर त्यांचीच गरज आहे तिथली, आणि प्रत्येकाबरोबर नेमकं काय बोलायचं ते अर्ध्या पानात लिहून द्या. डीन लोकांना पैसे मागायची हौस असते, तयारीची नसते. ती तुम्ही करून दिलीत की ते तुमच्याशिवाय निघणार नाहीत.

त्या बाईंना यंत्राबद्दल आभाराचं पत्र गेलं का? नसेल तर आधी ते. यंत्र चालू झालं की ते वापरणारा एखादा विद्यार्थी घेऊन भेटा. शिष्यवृत्तीचा विषय त्या भेटीत काढू नका. आणि चाळिसातली पंधरा अजून निघतात, माझं ऐका.