मदत हवी आहे: भूविज्ञान-संवाद फेलोशिपचा नमुना लेख अडलाय

टेकडीवाली
सामान्य वाचकांपर्यंत भूविज्ञान पोचवण्यासाठी एक फेलोशिप आहे, तिला अर्ज करतेय. शुक्रवारी मुदत संपते. नमुना लेखाचा विषय पुण्याचं पाताळेश्वर लेणं आणि ते ज्यात कोरलंय तो आपला बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ. पण या कातळाचं वय, ६.६ कोटी वर्षं, हा आकडा आला की लेख तिथेच बसतो. चार वेळा लिहून खोडलं. हा काळ कसा सांगायचा? लवकर सांगा प्लीज.

मुरूम
कोणती फेलोशिप? युरोपियन जिओसायन्सेस युनियनची पत्रकारिता फेलोशिप काम करणाऱ्या पत्रकारांसाठी असते, काही फेलोशिप विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना थेट न्यूजरूममध्ये पाठवतात. दोन्हीकडे लेख वेगळा लागतो. शब्दमर्यादा? भाषा? वाचक कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

टेकडीवाली
सॉरी. ६०० शब्द, मराठी चालतं, सोबत इंग्रजी सारांश. वाचक दहावीपर्यंत विज्ञान शिकलेला. अर्ज संशोधक गटात.

दोरखंड
आकडा मोजून दाखवा. १ मिलिमीटर म्हणजे १००० वर्षं धरा. ६.६ कोटी वर्षं = ६६ मीटर दोरी. पाताळेश्वर आठव्या शतकातलं, म्हणजे आपल्याकडच्या टोकापासून साधारण सव्वा मिमीवर. १६७४ चा राज्याभिषेक जेमतेम ०.३५ मिमीवर, जाड कागदाएवढा. आणि लाव्हाच्या उद्रेकांचा मुख्य टप्पा दहा लाख वर्षांच्या आत उरकला, म्हणजे पलीकडच्या टोकाला फार तर १ मीटर. मधली ६५ मीटर दोरी नुसती झीज. पर्वती, वेताळ टेकडी हे त्या झिजेतून उरलेलं आहे. एकदा घेतलेलं प्रमाण लेखभर बदलू नका. मध्येच ‘२४ तासांचं घड्याळ’ आलं की वाचक हरवतो.

मुरूम
दोरी वर्गात छान. लेख वाचणाऱ्याच्या हातात दोरी नसते, समोर दगड मात्र असतो. मी दगडापासून सुरू करेन. पुण्याच्या कातळात वाटाण्याएवढी भोकं दिसतात, काही रिकामी, काही पांढऱ्या खनिजाने भरलेली. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे वर चढतात, वरची साय आधी गोठते, बुडबुडे तिच्याखाली अडकतात. म्हणून प्रवाहाचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट. पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं आणून भरली. पांढरं काय आहे ते ओळखायला: काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसलं तर कॅल्साइट, दोन्ही नाही तर बहुधा झिओलाइट. ही परीक्षा खाणीबाहेरच्या सुट्या दगडावरच करा. पाताळेश्वर संरक्षित स्मारक आहे, तिथे फक्त डोळे वापरा.

वाघोलीकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. शेजारी-शेजारी दोन बोअर, एकाला पाणी आणि एक कोरडं, असं का होतं? पाणाड्याला बोलवावं का?

भूजल
नको. बेसाल्टमध्ये पाणी असतं ते भेगांत, मांजऱ्या (भोकाभोकांच्या) खडकात आणि दोन प्रवाहांच्या सांध्यावर. घट्ट कातळात जवळजवळ नसतं. वीस फूट सरकलं तरी भेग चुकते. हे पाणाड्याच्या नारळाला कळत नाही. आसपासच्या उघड्या विहिरींच्या भिंतींत थर किती खोलीवर बदलतो ते आधी पाहा.
टेकडीवाली, लेख खरं तर यावरच करा. लोकांना पाण्याचं पडलेलं असतं, पाताळेश्वराचं नाही.

मुरूम
शुक्रवारी मुदत आहे. आता विषय बदलायला सांगू नका.

रीळ
व्हिडिओही जोडा. टेकडीवर वारा माईकमध्ये घुसतो, फरचं कव्हर लावा. दगडाच्या फोटोत मापासाठी १० रुपयांचं नाणं ठेवा, २७ मिमी असतं. सकाळच्या तिरक्या उन्हात भोकं उठून दिसतात.

टेकडीवाली
व्हिडिओ मागितलेलाच नाही हो. पण नाणं नक्की ठेवेन.

कातळ
परीक्षक कुठे अडतील ते सांगतो. पुण्याच्या टेकड्यांना ‘मृत ज्वालामुखी’ म्हणू नका, लाव्हा लांबलचक भेगांतून आला आणि सपाट पसरला. या कातळाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नाही, पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं. डायनासोर दक्खनच्या लाव्ह्याने मेले असं ठोकून देऊ नका, मेक्सिकोतल्या चिक्शुलुबच्या लघुग्रह-आघाताचं नाव घ्यावंच लागेल. दोन प्रवाहांमधला तांबडा पट्टा हा उद्रेकांमधल्या खंडाची खूण असू शकतो, पण प्रत्येक पट्टा एकाच प्रकारे झाला असं लिहू नका. नकाशा हवा असेल तर जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूकोश पोर्टलवर आहे, श्रेय द्यायला विसरू नका.

टेकडीवाली
खूप आभार. दोन्ही जोडून बघितलं. सुरुवात अशी: ‘पाताळेश्वराच्या खांबाचा दगड एकेकाळी अकराशे अंशांचा रस होता. तो इथे फुटला, थंड झाला आणि मग ६५ मीटर दोरी संपेपर्यंत झिजत राहिला.’

कातळ
‘फुटला’ काढा, ‘वाहत आला’ लिहा. आणि दोरीचं प्रमाण या वाक्याच्या आधी येऊ द्या, नाहीतर ६५ मीटर कशाचे ते कळत नाही.

दोरखंड
सारांशात दोरी नको. तिथे सरळ ६.६ कोटी लिहा.