पुरुष टेनिसचे विक्रम : मॅचवार डेटावरून काढलेले आकडे अधिकृत आकड्यांशी जुळत नाहीत, मदत हवी आहे

डावखुरी_सर्व्हिस

पुरुष एकेरीच्या विक्रमांचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये तयार करते आहे. नेटवर फुकट मिळणाऱ्या मॅचवार सीएसव्ही फाइल्स (दर वर्षाची एक, १९६८ पासून पुढे) एकाखाली एक जोडल्या आहेत. सूत्रं साधी आहेत, विजेत्याच्या रकान्यात नाव सापडलं की एक वाढवायचा. तरीही खालचे आकडे चुकतात :

१) फेडरर-नदाल आमनेसामने : नदालचे २४ बरोबर येतात, पण फेडररचे १७ येतात. सगळीकडे १६ छापलेत.
२) जोकोविच-फेडरर : माझ्याकडे २८-२३, अधिकृत २७-२३.
३) नदाल, फ्रेंच ओपन : माझ्याकडे ११२ विजय, ५ पराभव. अधिकृत ११२-४.
४) जोकोविचचे अव्वल स्थानावरचे एकूण आठवडे : ८ मार्च २०२१ रोजी ३११ हवेत, तारखांच्या वजाबाकीतून ३३३ येतात.
५) रॉड लेव्हरची ग्रँड स्लॅम जेतेपदं : सगळीकडे ११, माझ्याकडे ५.
६) वर्षवार मोजलं तर १९७७ मध्ये पाच ग्रँड स्लॅम दिसतात आणि १९८६ मध्ये तीनच.

फाइलच खराब आहे की माझी मोजणी? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

दुसरी_सर्व्हिस

फाइल ठीक आहे. पहिल्या तिन्ही प्रश्नांचं दुखणं एकच आहे : पुढे चाल (वॉकओव्हर), म्हणजे प्रतिस्पर्धी उतरलाच नाही म्हणून न खेळता पुढे जाणं.

सामना सुरूच झाला नाही, तर तो जय-पराजयात आणि आमनेसामनेच्या हिशेबात धरत नाहीत. सुरू झाल्यावर एकाने अर्धवट सोडला, तर मात्र पूर्ण धरतात. पंचांनी सामना सुरू असताना खेळाडूला बाद केलं तरी तो पराभवच. २०२० च्या यूएस ओपनमध्ये जोकोविचचा चेंडू लाइनवरच्या पंच बाईंना लागला आणि त्याला बाद ठरवलं. त्या वर्षी तोवर २६-० अशी त्याची घोडदौड होती, ती तिथेच संपली, कारण हा पराभव अधिकृत आहे.

आता तुमचे तीन आकडे :

फेडररचा १७ वा ‘विजय’ म्हणजे २०१९ ची इंडियन वेल्स उपांत्य फेरी. नदाल गुडघ्यामुळे उतरलाच नाही.

जोकोविचचा २८ वा म्हणजे २०१४ ची लंडनमधली एटीपी फायनल्स (वर्षअखेरची स्पर्धा). पाठीमुळे फेडररने अंतिम सामन्यातून माघार घेतली.

नदालचा पाचवा ‘पराभव’ २०१६ चा. मनगटामुळे त्याने तिसऱ्या फेरीआधीच स्पर्धा सोडली. हा आकडा हातानेही ताळून बघता येतो : १४ जेतेपदं गुणिले ७ म्हणजे ९८ विजय. उरलेल्या पाच वर्षांत २००९ ला ३, २०१५ ला ४, २०१६ ला २, २०२१ ला ५ आणि २०२४ ला शून्य. बेरीज ११२. खरे पराभव चारच : २००९ ला सॉडरलिंग, २०१५ आणि २०२१ ला जोकोविच, २०२४ ला झ्वेरेव्ह.

यावर उपाय म्हणून पुढे चालीच्या ओळी पुसून टाकू नका, ही चूक सर्रास होते. लंडनचा तो सामना जोकोविचच्या विजयांत नाही, पण जेतेपद मात्र त्याचंच आहे. ओळ उडवलीत तर त्याची एटीपी फायनल्सची जेतेपदं ७ ऐवजी ६ येतील. त्यापेक्षा एक मदतनीस रकाना घाला : स्कोअरमध्ये ‘डब्ल्यू/ओ’ (म्हणजे वॉकओव्हर) असेल तर ०, नाहीतर १. विजय-पराभव मोजताना या रकान्याची बेरीज घ्या. जेतेपदं आणि ‘कितव्या फेरीपर्यंत पोचला’ हे मोजताना त्याच्याकडे बघू नका.

सलग विजयांच्या मालिकेलाही हेच लागू. पुढे चाल मालिका तोडत नाही आणि वाढवतही नाही.

---

क्रमवारी_सोमवार

चौथा प्रश्न. २०२० मध्ये साथीमुळे क्रमवारी गोठवली होती. १६ मार्चची यादी शेवटची, त्यानंतर थेट २४ ऑगस्टला नवी. मधले २२ सोमवार (२३ मार्च ते १७ ऑगस्ट) कुणाच्याच खात्यात धरलेले नाहीत. जोकोविच १६ मार्चला २८२ व्या आठवड्यात होता आणि २४ ऑगस्टला २८३ व्या. तिथून ८ मार्च २०२१ पर्यंत २८ आठवडे, म्हणजे ३११. तुमच्या ३३३ मधून २२ गेले की हाच आकडा. पुढे त्याचे एकूण ४२८ झाले, त्यातही हे २२ नाहीत.

आठवडे मोजताना दुसरी गफलत टोकाच्या दिवसाची होते. अव्वल स्थान मिळालं तो सोमवार आणि गेलं तो सोमवार, यांची वजाबाकी करून ७ ने भागा. वर एक मिळवू नका. फेडररवर करून बघा : २ फेब्रुवारी २००४ ला अव्वल, १८ ऑगस्ट २००८ ला नदाल त्याच्या जागी आला. मधले दिवस १६५९, भागिले ७ बरोबर २३७. सलग आठवड्यांचा विक्रम हाच. २३८ आले तर सूत्रात एक जास्तीचा धरलाय.

संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ ला सुरू झाली, पहिला अव्वल खेळाडू इली नस्तासे. त्याआधी लेव्हर किंवा रोझवॉल ‘जगात पहिले’ होते असं वाचाल, पण ती पत्रकारांनी आणि जाणकारांनी केलेली क्रमवारी. तिचे आठवडे या तक्त्यात मिसळू नका.

---

जुनी_रॅकेट

लेव्हरचं उत्तर सोपं आहे. तुमच्या फाइल्स १९६८ पासून आहेत. त्याची ११ अशी : १९६० ऑस्ट्रेलियन, १९६१ विम्बल्डन, १९६२ च्या चारही. इथवर सहा, हौशी खेळाडू म्हणून. मग तो व्यावसायिक झाला आणि व्यावसायिकांना ग्रँड स्लॅमची दारं बंद असल्यामुळे मधली वर्षं कोरी. परतल्यावर १९६८ विम्बल्डन आणि १९६९ च्या चारही, म्हणजे पाच. तुमचा ५ हा खुल्या युगाचा (व्यावसायिकांनाही प्रवेश मिळू लागला तेव्हापासूनचा) आकडा म्हणून अगदी बरोबर आहे. रॉय एमर्सनची १२ च्या १२ हौशी काळातली, खुल्या युगात त्याचं खातं रिकामं. रोझवॉलची ८, निम्मी अलीकडे निम्मी पलीकडे.

माझं मत : दोन्ही रकाने ठेवा, ‘एकूण’ आणि ‘खुलं युग’. एकच ठेवलात तर कुणीतरी भांडायला येणारच आणि त्याचं म्हणणं अर्धं बरोबर असेल.

पण ‘वर्ष १९६८ किंवा पुढे’ अशी गाळणी लावू नका. खुलं युग १९६८ च्या एप्रिलमध्ये बोर्नमथच्या स्पर्धेपासून सुरू झालं. त्या वर्षीची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जानेवारीतच उरकली होती, ती हौशीच धरतात. पहिली खुली ग्रँड स्लॅम म्हणजे १९६८ ची फ्रेंच, विजेता रोझवॉल.

सहावा प्रश्न : दोन्ही आकडे खरे आहेत. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा झाली, जानेवारीत रॉस्को टॅनर जिंकला आणि डिसेंबरात व्हिटास गेरुलायटिस. पुढची काही वर्षं ती वर्षाअखेरीच राहिली. १९८५ ची डिसेंबरात झाली आणि नंतरची थेट जानेवारी १९८७ ला, म्हणून १९८६ कोरं. याच काळात आणखी एक खोच : १९७८ च्या स्पर्धेचा अंतिम सामना ३ जानेवारी १९७९ ला झाला. सामन्याच्या तारखेवरून वर्ष काढलंत तर व्हिलासचं ते जेतेपद चुकीच्या वर्षात जाईल. वर्ष स्पर्धेच्या क्रमांकातून घ्या.

आणि २०२० ला विम्बल्डन झालीच नाही, फ्रेंच यूएस ओपननंतर झाली. ‘सलग ग्रँड स्लॅम’ मोजताना स्पर्धांचा ठरलेला क्रम गृहीत धरणारं सूत्र इथे आपटतं. आधी प्रत्यक्ष झालेल्या स्पर्धांना १, २, ३ असा अनुक्रम द्या, मग सलगपणा त्या अनुक्रमावर तपासा. फेडररच्या सलग २३ उपांत्य फेऱ्या (विम्बल्डन २००४ ते ऑस्ट्रेलियन २०१०) आणि सलग ३६ उपांत्यपूर्व फेऱ्या (विम्बल्डन २००४ ते फ्रेंच २०१३) बरोबर आल्या, तर सूत्र ठीक.

---

डावखुरी_सर्व्हिस

पहिले सहा जुळले. आता दोन नवे प्रश्न.

मास्टर्स १००० मध्ये (ग्रँड स्लॅमच्या खालच्या दर्जाच्या मोठ्या स्पर्धा) स्पर्धेच्या नावावर गट पाडले तर नदालची माद्रिदमध्ये ५ येतात, पण क्ले कोर्टची (मातीच्या मैदानाची) गाळणी लावली की ४ च. आणि सर्व्हिसच्या टक्केवारीत १९८० च्या दशकातल्या सगळ्यांचे एस (समोरच्याची रॅकेटही न लागता थेट गुण देणाऱ्या सर्व्हिस) शून्य दिसतात.

---

दुसरी_सर्व्हिस

माद्रिद २००२ ते २००८ बंदिस्त हार्ड कोर्टवर होती, शरद ऋतूत. २००९ ला ती क्लेवर आणि मे महिन्यात गेली. नदालचं २००५ चं जेतेपद हार्ड कोर्टचं, बाकी चार (२०१०, २०१३, २०१४, २०१७) क्लेवरची. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे बरोबर. मास्टर्समध्ये नाव, शहर आणि कोर्ट तिन्ही बदलत आले आहेत. हँबर्ग २००८ पर्यंतच या दर्जाची होती, शांघाय २००९ ला आत आली. कॅनडाची स्पर्धा टोरांटो आणि माँट्रियल यांच्यात आलटून पालटून होते. म्हणून गट नावावर न पाडता दर्जाच्या रकान्यावर पाडा : ‘जी’ ग्रँड स्लॅम, ‘एम’ मास्टर्स, ‘एफ’ वर्षअखेरची स्पर्धा, ‘डी’ डेव्हिस कप, ‘ए’ बाकीच्या.

ही मालिका १९९० पासून मोजतात. त्याआधीच्या मोठ्या स्पर्धा जोडून लेंडल, कॉनर्स, मॅकेन्रो यांचे वेगळे आकडे फिरत असतात. ते आणि हे एका रांगेत लावू नका.

ताळा करायला बेरजा :
जोकोविच ४० : इंडियन वेल्स ५, मायामी ६, माँटे कार्लो २, माद्रिद ३, रोम ६, कॅनडा ४, सिनसिनाटी ३, शांघाय ४, पॅरिस ७.
नदाल ३६ : माँटे कार्लो ११, रोम १०, माद्रिद ५, कॅनडा ५, इंडियन वेल्स ३, सिनसिनाटी १, हँबर्ग १.

सेट जिंकण्याचं प्रमाण काढणार असाल तर एक लक्षात ठेवा, मास्टर्सचे अंतिम सामने २००७ पर्यंत पाच सेटचेही असत. २००६ चा रोममधला नदाल-फेडरर सामना पाच तासांवर गेला होता. ‘किती सेटचा’ हा रकाना दर्जावरून ठरवू नका, ओळीत दिलाय तोच वापरा.

---

ब्रेक_पॉइंट

एसचं सांगतो. सर्व्हिसची आकडेवारी १९९१ पासूनच पद्धतशीर नोंदलेली आहे. त्याआधीचे रकाने रिकामे आहेत आणि स्प्रेडशीटने त्यांना शून्य समजलंय. सरासरी काढण्याआधी ‘एकूण सर्व्हिस गुण’ हा रकाना रिकामा असलेल्या ओळी वगळा. म्हणूनच एसचे सगळे विक्रम ९१ नंतरच्यांचे. इस्नर पहिला, त्याच्यामागे कार्लोविच.

टक्केवारी काढताना सामन्यांच्या टक्क्यांची सरासरी कधीच घेऊ नका. एका सामन्यात १ पैकी १ ब्रेक पॉइंट (समोरच्याचा सर्व्हिस गेम जिंकण्याची संधी) साधला, दुसऱ्यात १० पैकी २. टक्क्यांची सरासरी ६० येते, खरं प्रमाण ११ पैकी ३, म्हणजे २७. आधी बेरजा, मग भागाकार.

दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांचा भाजक थेट दिलेला नसतो. एकूण सर्व्हिस गुणांतून आत पडलेल्या पहिल्या सर्व्हिस वजा करा. डबल फॉल्ट यातच येतात, ते वेगळे काढून टाकले तर टक्का फुगतो. राखलेले सर्व्हिस गेम : सर्व्हिस गेम वजा (आलेले ब्रेक पॉइंट वजा वाचवलेले).

---

डावखुरी_सर्व्हिस

स्कोअरवरून टायब्रेक (गेम बरोबरीत आल्यावर सेटचा निकाल लावणारा जादा गेम) मोजते आहे. ७-६ शोधते, पण २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात तीनऐवजी दोनच सापडले. आणि सेट वेगळे केले तर काही खान्यांत तारखा दिसतात.

---

ब्रेक_पॉइंट

तारखांचं आधी. ६-४ हे स्प्रेडशीटला ६ एप्रिल किंवा ४ जून वाटतं. नंतर खान्याचं स्वरूप बदलून मूळ स्कोअर परत येत नाही. फाइल उघडू नका, ‘आयात’ करा आणि त्याच वेळी स्कोअरचा रकाना ‘मजकूर’ असा निवडा. सेट वेगळे करतानाही नव्या रकान्यांना हेच लावा.

टायब्रेक ७-६ वरून न शोधता दोन्ही बाजूंत एकाच गेमचा फरक आहे का ते बघा. त्या सामन्याचा शेवटचा सेट १३-१२ (३) असा आहे, कारण विम्बल्डनने तेव्हा १२-१२ वर टायब्रेक ठेवला होता. कंसातला आकडा टायब्रेक हरणाऱ्याचे गुण. जिंकणाऱ्याचे म्हणजे त्यात २ मिळवून, पण किमान ७. पाचव्या सेटला किमान १० धरायचे, ऑस्ट्रेलियन ओपनला २०१९ पासून आणि बाकी तिन्हीकडे २०२२ च्या फ्रेंचपासून.

गेम मोजताना टायब्रेक एक गेम. इस्नर-माहू २०१० : ६-४, ३-६, ६-७, ७-६, ७०-६८. म्हणजे १० + ९ + १३ + १३ + १३८ = १८३. तुमचं सूत्र १८३ देतं का बघा. आता ६-६ लाच टायब्रेक होत असल्याने हा आकडा कुणी गाठणार नाही.

जास्त गुण म्हणजे विजेता असं गृहीत धरणारं तपासणीचं सूत्र मात्र ठेवू नका. माहूने त्या सामन्यात ५०२ गुण जिंकले, इस्नरने ४७८. आणि २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात फेडररचे २१८ गुण आणि ३६ गेम, जोकोविचचे २०४ आणि ३२. अशा ओळी ‘चुकीच्या’ म्हणून लाल झाल्या तर डेटा दुरुस्त करायला जाऊ नका.

---

जुनी_रॅकेट

अजून एक, मग तक्ता चालू द्या. या फाइल्समधली तारीख सामन्याची नसते, स्पर्धा सुरू झाली त्या आठवड्याची असते. दोन आठवडे चालणाऱ्या ग्रँड स्लॅमच्या सगळ्या ओळींवर एकच तारीख दिसेल. सलग विजयांची मालिका काढायची तर तारीख, मग स्पर्धा, मग फेरी असा क्रम लावा. ताळ्याला नदालचे क्लेवरचे सलग ८१ विजय घ्या, एप्रिल २००५ पासून. २००७ च्या हँबर्ग अंतिम सामन्यात फेडररने ती मालिका तोडली. ग्रासवर फेडररचे सलग ६५, तोडणारा नदाल, विम्बल्डन २००८ चा अंतिम सामना.

सत्तरच्या दशकातले आकडे ताळ्यासाठी वापरू नका. कॉनर्सची १०९ जेतेपदं आणि १२७४ विजय आजच्या अधिकृत यादीत आहेत, पण त्या काळच्या छोट्या स्पर्धांच्या नोंदी नंतर भरल्या गेल्या, त्यामुळे जुन्या लेखांत विजयांचा आकडा कमी सापडतो. तुमच्या फाइलमध्ये दोनचार इकडेतिकडे निघाले तर सूत्रं बदलण्याआधी त्या वर्षाची स्पर्धांची यादी बघा.