मदत हवी आहे : नाइस १९ देऊनही पीसी हँग

राम राम मंडळी. रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोब बघतो. जुना पीसी, साधी हार्डडिस्क, उबुंटू (लिनक्स). बॅकअप सुरू झाला की बिलाचं सॉफ्टवेअर हँग होतं, आणि नेमक्या तेव्हाच गाड्या भरायच्या असतात!

बॅकअपला नाइस (सीपीयूच्या रांगेतला प्रोग्रॅमचा क्रम) १९ दिलंय, म्हणजे सगळ्यात शेवटचा नंबर. टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड) सीपीयू मोकळाच दिसतो, पण 'डब्ल्यूए' (डिस्कच्या वाटेत गेलेला सीपीयूचा वेळ) चढलेला आणि बिलाची प्रोसेस 'डी' अवस्थेत, डिस्कची वाट बघत. व्हीएमस्टॅट कमांडमध्ये 'एसआय', 'एसओ' (स्वॅपमधून आत-बाहेर जाणारा डेटा) शून्य, म्हणजे स्वॅपचा, म्हणजे रॅम अपुरी पडून डिस्क वापरण्याचा, घोळ नसावा.

नाइस मुख्यतः सीपीयूची पाळी ठरवतं, डिस्कची रांग वेगळी, एवढं कळलं. मग आयोनाइसने (डिस्कच्या रांगेतला क्रम ठरवणारी कमांड) बॅकअपला आयडल वर्ग, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच पाळी, देऊ का? डिस्कचा शेड्युलर (डिस्कची रांग लावणारा भाग) एमक्यू-डेडलाइन आहे; त्याऐवजी बीएफक्यू हा दुसरा शेड्युलर लावल्याने खरंच फरक पडतो का? कुणी वापरलंय?

एसएसडी घ्या हे मात्र सांगू नका भाऊ, केळीचा भाव चढल्याशिवाय शेठ ऐकणार नाहीत.