तीव्र कुपोषित मुलाला पाकिटातली पेस्ट द्यावी का?

हिशेबनीस:
२००५ साली आफ्रिकेतल्या नायजरमध्ये अन्नटंचाई उग्र झाली, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेने साठ हजारांहून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. त्यांतल्या बहुतेकांना दाखल करावंच लागलं नाही. आईकडे आठवड्याची पाकिटं द्यायची आणि पुढच्या आठवड्यात वजन करायचं. पाकिटात शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं नि खनिजं. ९२ ग्रॅममध्ये ५०० कॅलरी. त्याआधी अशा मुलांना खास दूध देत, ते स्वच्छ पाण्यात कालवावं लागे, म्हणून मूल कित्येक आठवडे वॉर्डातच. पेस्टमध्ये पाणीच नाही, त्यामुळे जंतू सहजी वाढत नाहीत. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने ही घरी उपचाराची पद्धत उचलून धरली.

आपल्याकडे मात्र २०१७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की पेस्ट हे मान्य धोरण नाही. माझ्या मते इथे जेवण आणि औषध यांची गल्लत झाली आहे. ५०० कॅलरी वरणभातातून द्यायच्या तर साधारण अर्धा किलो भरवावा लागेल. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेलेलं, म्हणजे तीव्र कुपोषित मूल चार घासांत तोंड फिरवतं.

रानवारा:
साफ असहमत. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात मूल खंगतं त्याला कारणं वेगळी. आईबाप कामाला बाहेरगावी, पावसाळ्यात जुलाब नि ताप, पोरवयात लग्न, जन्मतःच कमी वजन. पेस्ट संपली की मूल परत त्याच घरात.

आणि पाकिटांचा इतिहास आपल्याला नवा आहे का? अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ चा. तरी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची टीएचआरची (अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराची) निविदा रद्द करावी लागली, कारण अटीच मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या होत्या. शिऱ्या-उपम्याची ती पाकिटं गुरांपुढे जातात हे गावात कुणालाही विचारा. औषध म्हणून आत आलेलं पाकीट दोन वर्षांत सगळ्या अंगणवाड्यांत दिसेल.

तिरकस:
चिक्की वाटा की! अरे हो, घोटाळ्याचे आरोप झालेली सरकारची २०१५ ची चिक्की खरेदी आठवली. राहू द्या.

हिशेबनीस:
@रानवारा, कंत्राटात पैसे खाल्ले जातात हा कंत्राट सुधारण्याचा मुद्दा झाला. त्यासाठी उपचार का अडवायचा? मलावीत स्थानिक शेंगदाण्यापासून ही पेस्ट बनते. आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही आयआयटी मुंबईच्या मदतीने तशी पेस्ट तयार झाली. तिथे कुठला पुरवठादार आडवा आला?

बालरोग:
आकडे पाहून भांडा. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत झालेल्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. स्थानिक पेस्टने सुमारे ५७ टक्के मुलं बरी झाली, पोषण वाढवलेल्या घरच्या अन्नाने ४३ टक्के. म्हणजे पेस्ट सरस, पण नायजरएवढी जादू नाही. उपचार थांबून १६ आठवड्यांनी मोजलं, तर तिन्ही गटांत (तिसरा गट कारखान्यातल्या पेस्टचा) बरी राहिलेली मुलं फारच थोडी.

रानवारा:
तेच तर सांगतोय! घर बदललं नाही तर ५७ काय नि ४३ काय. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिथल्या पेस्टच्या कारखान्यांच्या ऑर्डरी अडकल्या. ज्या देशांनी सगळी भिस्त त्यावर ठेवली होती, त्यांच्या दवाखान्यांचं काय झालं असेल?

कुंदाताई:
बरीच वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, म्हणून दोघांनाही बोलते. हिशेबनीस, पेस्ट गोड असते. घरात तीन पोरं असली की ती तिघांत वाटली जाते, आई तरी कुणाला नाही म्हणणार? तुमचा ५०० कॅलरींचा हिशेब तिथेच मोडतो. रानवारा भाऊ, तुमचंही ऐकून झालं. लग्नाचं वय नि स्थलांतर सुधारेपर्यंत आत्ता दंड मोजायच्या पट्टीवर लाल (तीव्र कुपोषित) आलेल्या मुलाने थांबायचं का? अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात दिवसातून अनेकदा भरवायचं असतं. सेविकेकडे मदतनीस नसली तर ते होत नाही, आणि आई शेतावर गेलेली असते. सूज असलेलं किंवा भूकच मेलेलं मूल तर थेट रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, तिथे सुरुवातीला पेस्टही चालत नाही आणि खिचडीही. तिथे आईची रोजची मजुरी बुडते, म्हणून ती चार दिवसांत मूल उचलून घरी आणते.

हिशेबनीस:
ताई, मग भावंडांसाठी वेगळं रेशन सोबत द्या आणि पेस्ट फक्त लाल पट्टी, भूक शाबूत, ताप-सूज नाही अशाच मुलाला द्या. वजन भरलं की बंद. वाटप आरोग्य खात्याकडे ठेवा, म्हणजे ती औषधच राहील.

रानवारा:
आरोग्य खात्याची खरेदी कोण करतं, साहेब? आधी बचत गटांना पेस्ट बनवू द्या, मग मी विरोध सोडतो.