मदत हवी आहे: नेवाडातल्या पायोनियर सलूनमध्ये रात्रीची तपासणी, उपकरणं कुठे आणि कशी लावावीत?

कोरडी विहीर

नमस्कार मंडळी. लास वेगासच्या नैर्ऋत्येला साधारण ३५ मैलांवर गुडस्प्रिंग्ज नावाचं जुनं खाणगाव आहे. तिथलं पायोनियर सलून (केस कापायचं नव्हे, जुन्या पश्चिम अमेरिकेतला बार) १९१३ मध्ये जॉर्ज फेल यांनी बांधलं. भिंती आणि छत ठसे उठवलेल्या पत्र्याचं आहे. तिथल्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक, १९१५ मध्ये पत्त्यांच्या डावात फसवणुकीवरून गोळीबार होऊन एक जण मेला. भिंतीतली भोकं अजून दाखवतात. दुसरी, जानेवारी १९४२ मध्ये जवळच्या पोटोसी डोंगरावर विमान कोसळून अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड गेली, आणि तिचा नवरा क्लार्क गेबल बातमीची वाट बघत याच बारमध्ये बसला होता, असं सांगतात. दोन्ही मृतांचा वावर तिथे जाणवतो अशी ख्याती आहे.

आम्ही पाच जण, वेळ रात्रीचे तीन तास. सामान: के-टू मीटर २ (विद्युतचुंबकीय क्षेत्र दिव्यांनी दाखवणारा), ट्रायफील्ड टीएफ-२ एक (तेच क्षेत्र आकड्यांत दाखवणारा), ध्वनिमुद्रक ३, इन्फ्रारेड कॅमेरे २, तापमानाची बंदूक (नेम धरून लांबून तापमान दाखवणारी), रेम पॉड (अँटेनाजवळ काही आलं की वाजणारं यंत्र), स्पिरिट बॉक्स (सतत केंद्रं बदलणारा रेडिओ).

अडचणी अशा:
१. पत्र्याच्या खोलीत ही उपकरणं नीट चालतात का?
२. गॅरेजमध्ये तालीम घेतली तर के-टूचा दुसरा-तिसरा दिवा आपोआप लागतो, पाच-सात मिनिटांनी जातो, पुन्हा लागतो. मीटर बिघडलाय का?
३. आवाजाचं रेकॉर्डिंग कसं करावं, म्हणजे नंतर आपापसात वाद होणार नाहीत?

भूत आहे की नाही यावर चर्चा नको, कृपया. जे मोजू ते कोणालाही तपासता यावं, एवढंच हवंय.

गॉसमीटर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मीटर चांगला आहे. गॅरेजमध्ये फ्रिज किंवा डीप फ्रीझर असेल. कॉम्प्रेसर चालू होतो, दिवे लागतात. बंद होतो, दिवे जातात. फ्रिजची पिन काढून मीटर त्याच जागी, त्याच दिशेला २० मिनिटं ठेवा. दिवे लागले नाहीत तर उत्तर मिळालं.

बारमध्ये हेच दसपट असतं: बिअरचे कूलर, बर्फाचं यंत्र, निऑन पाट्यांचे ट्रान्सफॉर्मर, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. म्हणून पहिलं काम मूळ नोंदीचं. खोलीचा कागदावर नकाशा काढा, एक मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात तीन उंचींवर (३० सेंमी, १ मीटर, १.७ मीटर) ट्रायफील्डचा आकडा लिहा. एक फेरी सगळं चालू असताना, दुसरी मालक जेवढं बंद करू देतील तेवढं बंद करून. कूलर बंद करू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मग कूलरसमोर एक के-टू कायम ठेवा आणि त्याच्यावर एक कॅमेरा लावा. कॉम्प्रेसर कधी चालू होता याची मिनिटागणिक नोंद आपोआप मिळेल. दुसऱ्या मीटरवर काही दिसलं तर ती वेळ या नोंदीशी ताडून बघायची.

के-टूबद्दल तीन गोष्टी लक्षात असू द्या. दिव्यांचे टप्पे १.५, २.५, १० आणि २० मिलिगॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असे आहेत, त्यामुळे २.६ आणि ९.९ दोन्हीला तोच तिसरा दिवा. त्याचा सेन्सर एकाच दिशेने मोजतो, हातात नुसता वळवला तरी दिवे बदलतात. म्हणून तो हातात धरायचाच नाही, लाकडी स्टुलावर ठेवून कडा खडूने आखून घ्यायच्या. आणि मोबाइल, स्मार्ट घड्याळ, वॉकीटॉकी यांनी तो लागतो. सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाकून भागत नाही, बंद करून एका पिशवीत गाडीत ठेवा. वेळेसाठी साधं घड्याळ वापरा.

स्रोत जवळचा आहे का हे ओळखायची एक युक्ती: मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. अंतर दुप्पट केलं की आकडा सुमारे एक अष्टमांश होतो. भिंतीतल्या वायरीच्या जोडीचं क्षेत्र तेवढ्या अंतरात एक चतुर्थांश होतं. मीटर हळूहळू मागे नेत आकडे लिहिले की भिंतीमागे काय आहे याचा बराच अंदाज येतो.

आता पत्रा. इंग्रजीत त्याला ‘टिन’ म्हणत असले तरी अशा इमारतींत तो सहसा पातळ पोलादी पत्रा असतो. वायरिंग जुनं असेल आणि न्यूट्रलचा प्रवाह कुठे अर्थिंगमार्गे परतत असेल, तर तो पत्र्यातूनही वाहतो. मग अख्ख्या भिंतीलगत क्षेत्र वाढलेलं दिसतं आणि आसपास एकही उपकरण नसतं. हे सगळ्यात फसवं. शिवाय रेडिओ लहरी पत्र्यावरून उलटतात, त्यामुळे वॉकीटॉकी एका कोपऱ्यात दाबली की रेम पॉड भलत्याच कोपऱ्यात वाजतो. रेम पॉड भिंतीपासून निदान दीड मीटर लांब ठेवा आणि सुरू करण्याआधी वॉकीटॉकी दाबून, माणूस जवळून चालवून तो कशाकशाने वाजतो ते लिहून घ्या. खरं तर वॉकीटॉकी नेऊच नका.

पत्र्याची शेड

पत्र्याखाली राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की दिवस मावळला की पत्रा तडतडतो. तिथे वाळवंट आहे, दिवसरात्रीच्या तापमानात २० अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. २.४ मीटर लांबीचा पोलादी पत्रा २० अंश थंड झाला की जवळजवळ ०.६ मिमी आखडतो. खिळ्याने धरून ठेवलेला असल्यामुळे तो सरकत नाही, ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो: टक्. कधी ओळीने तीन-चार टक्. ‘दार ठोठावल्यासारखा आवाज’ असं ज्याला म्हणतात त्यातला बराच भाग हाच.

उपाय सोपा आहे. तापमान नोंदणारे दोन छोटे लॉगर घ्या, एक आत टांगा, एक बाहेर, दर मिनिटाला नोंद. ठोक्यांच्या वेळा शेजारी मांडा. तापमान उतरत असताना ठोके जास्त आणि पहाटे स्थिरावल्यावर कमी दिसले, तर ते पत्र्याचे.

तापमानाची बंदूक मात्र घरीच ठेवा. ती हवेचं तापमान मोजतच नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजते. उघड्या चकचकीत धातूवर तर तेही मोजत नाही, त्यात परावर्तित होणाऱ्या वस्तूंचं दाखवते. रंगवलेल्या पत्र्यावर आकडा बरा येतो, पण रंग उडालेल्या ठिकाणी लगेच ‘थंड डाग’ दिसेल. न्यायचीच असेल तर काळा पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवा, दहा मिनिटांनी त्याच्यावर नेम धरा. जुन्या रंगावर चिकटपट्टी लावू नका, सोलून निघेल. आणि १२:१ ची बंदूक १२ फुटांवरून एक फूट व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देते, बिंदूचं तापमान नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात: कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे बंद करा, वेगळा दिवा भिंगापासून ६० सेंमीपेक्षा लांब, बाजूला लावा. वाळवंटी धूळ भिंगाजवळ उजळते, भूत म्हणून दाखवतात ते पांढरे गोळे हेच.

कानोसा

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त खोटे निष्कर्ष आवाजातूनच निघतात.

मुद्रकाची सेटिंग: वॅव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद, नाहीतर शांततेत तो स्वतःचीच खरखर वर आणतो आणि तिच्यात कान शब्द शोधतो. गोंगाट कमी करणारी सोय बंद, ती खरखरीचे तुकडे करून त्यांना कुजबुजीसारखा आकार देते. आवाज आला की सुरू होणारी सोय बंद, ती पहिलं अक्षर खाते आणि उरलेल्या अर्ध्या शब्दाचा लोक हवा तो शब्द करतात.

तीन मुद्रक असे ठेवा: एक बारच्या मध्यभागी, एक मागच्या खोलीत, एक बाहेर ओसरीवर. बाहेरचा सर्वांत महत्त्वाचा. आत ऐकू आलेला आवाज बाहेर जास्त ठळक असेल तर तो रस्त्यावरचा. पत्र्याची भिंत बाहेरचा आवाज ढोलकीच्या पुडीसारखी आत देते. प्रत्येकाखाली घडी घातलेला टॉवेल, हात लावायचा नाही. सुरू करताना सगळे एकाच जागी ठेवून मोठी टाळी, तीन तासांनी शेवटी पुन्हा टाळी. दोन्ही टाळ्या जुळवल्या की मुद्रकांच्या घड्याळातला फरक कळतो.

पोटात गुरगुरलं, खुर्ची वाजली, कोणी खोकलं, की त्याच क्षणी मोठ्याने सांगायचं. कुजबुजायचं नाही, कोणीही, कधीही.

ऐकणं घरी. ज्याने रेकॉर्ड केलं त्याने तुकडे कापावेत आणि तेवढेच तुकडे ओसरीवरच्या मुद्रकातले किंवा रिकाम्या घरातले मिसळावेत. दुसऱ्या तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत ऐकून कागदावर लिहायचं. ‘इथे बाई हेल्प म्हणते, ऐक’ असं एकदा सांगितलं की त्या कानाचं काम संपलं, तो पुन्हा कोरा होत नाही.

कोरडी विहीर

मनापासून आभार. गॅरेजमध्ये फ्रीझर आहेच, पिन काढल्यावर दिवे लागले नाहीत. आमच्यातल्या दोघांना स्पिरिट बॉक्स सोडवत नाही. एकाने डोळे बांधून हेडफोनवर ऐकायचं, प्रश्न त्याला ऐकू येऊ द्यायचे नाहीत, ही एस्टेस पद्धत वापरली तर चालेल का?

कानोसा

स्पिरिट बॉक्स म्हणजे थांबा न घेता केंद्रं बदलत राहणारा रेडिओ. वेगासची केंद्रं ३५ मैलांवर आहेत, तुकडे मिळणारच. डोळे बांधल्याने ऐकणारा प्रश्नापासून दूर राहतो, पण उत्तर प्रश्नाशी जुळतं का हे ठरवणारे तुम्हीच राहता. तिथेच गळती होते.

करायचंच तर असं करा. दहा प्रश्न आधी लिहून, चिठ्ठ्या करून, उचलतील त्या क्रमाने विचारा. दोन प्रश्नांत दोन मिनिटं. ऐकणाऱ्याने जे उच्चारलं ते दहा कागदांवर. मग प्रश्न आणि उत्तरं वेगवेगळी पिसून तिथे हजर नसलेल्या माणसाला द्या आणि जोड्या लावायला सांगा. नुसत्या नशिबाने सरासरी एक जोडी बरोबर येते. चार किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे २ टक्के. चार आल्या तर पुन्हा करा. नाही आल्या तर तेही लिहा.

जुनी कात्रणं

प्रश्न लिहिण्याआधी घटना नीट वाचा. टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं फ्लाइट ३, डीसी-३ विमान, १६ जानेवारी १९४२ ची संध्याकाळ. लोम्बार्ड युद्धकर्जरोखे विकण्याच्या इंडियानापोलिसमधल्या सभेहून आईबरोबर परतत होती. लास वेगासला इंधन भरून विमान बरबँककडे निघालं आणि थोड्याच वेळात पोटोसीच्या कड्यावर आदळलं. युद्धाच्या धास्तीने हवाई मार्गावरचे प्रकाशदीप बंद ठेवलेले होते. २२ जण गेले. त्यांत सैन्याचे १५ वैमानिक होते. त्यांची आठवण भुताच्या गोष्टीत कोणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या नोंदवहीत तरी त्यांचा उल्लेख असू द्या.

तपासणीच्या दृष्टीने मुद्दा असा: विमान सलूनवर कोसळलं नव्हतं, आणि ती प्रवासात या बारमध्ये उतरलीही नव्हती. बारशी नातं आहे ते गेबलच्या वाट बघण्याचं. त्यामुळे ‘कॅरोल, तू इथे आहेस का?’ हा प्रश्न कथेनेच तुमच्या तोंडी घातलेला आहे. दहापैकी तीन प्रश्न कधीच अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या नावाने विचारा. टोरांटोत १९७२ मध्ये एका गटाने ‘फिलिप’ नावाचं भूत पूर्ण कल्पनेने रचलं आणि तरी बैठकीत टेबलावर ठोके ऐकू आले. खोट्या नावालाही तितकीच उत्तरं मिळाली, तर खऱ्या नावाच्या उत्तरांना वजन उरत नाही.

पाचांपैकी एकाला गोष्टी अजिबात सांगू नका. त्याने एकट्याने फिरून कुठे कसं वाटलं ते नकाशावर मांडायचं. आणि कोण, कुठे, किती वाजता होतं याची वही एकाने सांभाळायची. आपल्याकडे भानामतीच्या तपासात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्तेही घटना घडली तेव्हा कोण कुठे होतं हेच आधी विचारतात, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

गॉसमीटर

सुरक्षेचं राहिलं. तिथे जुनी शेगडी आहे. ती पेटवलेली असेल तर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा मीटर घ्या. घरगुती अलार्म ७० पीपीएमला तासाभराने किंवा त्याहून उशिराही वाजतो, तोवर डोकं जड होणं, छातीत दडपण येणं, कोणीतरी आहे असं वाटणं सुरू होऊ शकतं. १९२१ मध्ये एका अमेरिकन नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात ‘झपाटलेल्या’ घराची हकीकत छापून आली होती, तिचं मूळ बिघडलेल्या भट्टीत निघालं.

माळा किंवा बंद खोली उघडणार असाल आणि उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू लावू नका. त्या भागात हंताव्हायरसचा धोका असतो. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, भिजवून पाच मिनिटं थांबा, हातमोज्यांनी पुसा. आणि अंधारात गावाबाहेर भटकू नका. आजूबाजूला जस्त-शिशाच्या खाणींचे उघडे खड्डे आहेत.

कोरडी विहीर

वेळापत्रक असं केलंय: मूळ नोंद ४० मिनिटं, सगळ्यांनी गप्प १० मिनिटं, मग २० मिनिटांची बैठक आणि १० मिनिटं शांतता असं तीनदा, शेवटी आवराआवर. तीन बैठका अशा: गोळ्यांच्या भोकांची भिंत, बारचा काउंटर, लोम्बार्डची खोली (तिच्या स्मरणार्थ ठेवलेली). काही चुकतंय?

गॉसमीटर

दोन गोष्टी. तिन्ही जागा गोष्टीतल्याच आहेत, तुलनेला काहीच नाही. एक बैठक काढून तिथे अशी जागा घ्या जिच्याबद्दल कोणी काही सांगत नाही, कोठाराचा कोपरा वगैरे. मीटर वाचणाऱ्याला ती कोणती ते सांगू नका. दुसरं, शेवटी तुमच्याकडे ४० मिनिटं उरतात. त्यातली २० मिनिटं मूळ नोंदीतल्या दहा चौकोनांवर पुन्हा आकडे घ्यायला ठेवा. तीन तासांत खोलीच बदलली असेल तर ते तिथेच कळेल.

कोरडी विहीर

भोकांच्या भिंतीची बैठक काढली, कोठार घातलं. नकाशाचे चौकोन आखायला घेतोय.